संगीताची रॉयल्टी : गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वी आणि नंतर करायच्या नोंदी

गाणे तयार होते, त्याच आठवड्यात ते वितरकाकडे, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, चढवले जाते, आणि वर्षभराने गीतकार किंवा संगीतकार विचारतो की रॉयल्टीसाठी आता कोठे अर्ज करायचा. तोपर्यंत गाणे वाजलेले असते, त्याचे पैसे कोठे ना कोठे जमा झालेले असतात आणि धनी न सापडल्यामुळे अडकून पडलेले असतात. अमेरिकेत स्ट्रीमिंगच्या मेकॅनिकल रॉयल्टीसाठी (शब्द-चालीची प्रत निघाल्याबद्दलच्या रॉयल्टीसाठी) जानेवारी २०२१ मध्ये मध्यवर्ती संस्थेचे काम सुरू झाले, तेव्हा ज्यांचा हक्कदार जुळला नव्हता असे सुमारे ४२.४ कोटी डॉलर डिजिटल सेवांनी तिच्या हवाली केले. एकाच देशातील एकाच प्रकारच्या रॉयल्टीचा हा आकडा आहे. ही सारी व्यवस्था नोंदींवर चालते. कोणते गाणे, कोणाचे आणि किती टक्के, हे जेथे स्पष्ट लिहिलेले असेल तेथेच पैसे पोहोचतात. म्हणून पुढील क्रम पाळावा. त्यात गाणे प्रसिद्ध करण्याची पाळी सहाव्या टप्प्यावर येते, आणि ते हेतुपुरस्सर आहे.

१. एका गाण्यातील दोन मालमत्ता ओळखा

प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात कायद्याच्या दृष्टीने किमान दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली रचना, म्हणजे शब्द आणि चाल. ती गीतकाराची व संगीतकाराची असते आणि त्यांनी करार केला असल्यास प्रकाशकाचाही, म्हणजे त्यांच्या वतीने रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचाही, तिच्यात वाटा असतो. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे व्यवहारात ज्याला मास्टर म्हणतात ते. ते सहसा मुद्रणाचा खर्च करणाऱ्या कंपनीचे किंवा व्यक्तीचे असते. हीच चाल उद्या दुसऱ्या गायिकेने गायली, तर रचना तीच राहते आणि ध्वनिमुद्रण नवे होते. रॉयल्टीबाबतचे बहुतेक गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे होतात.

या दोन मालमत्तांमधून निघणारे पैसे साधारणपणे पाच वाटांनी येतात.

रचनेच्या सार्वजनिक सादरीकरणाची रॉयल्टी रेडिओ, दूरचित्रवाणी, मैफली, हॉटेले आणि स्ट्रीमिंग यांतून जमा होते व कॉपीराइट सोसायटीमार्फत, म्हणजे सभासदांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत, गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांना मिळते. रचनेची प्रत निघाली की मेकॅनिकल रॉयल्टी लागू होते. सीडी, डाउनलोड आणि स्ट्रीमिंग हे तिन्ही त्यात येतात. म्हणजे स्ट्रीमिंगच्या एका वेळच्या ऐकण्यातून रचनेसाठीच दोन प्रकारची रॉयल्टी निघते, आणि अनेक देशांत ती दोन वेगवेगळ्या संस्था गोळा करतात. ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी वितरकाकडून मास्टरच्या मालकाला मिळते आणि मालकाकडून कराराप्रमाणे कलाकाराला. चौथी वाट गायक-वादकांच्या संलग्न हक्कांची, म्हणजे ध्वनिमुद्रण प्रसारित झाल्यावर किंवा सार्वजनिक जागी वाजवल्यावर मिळणाऱ्या मोबदल्याची. हा हक्क देशागणिक बदलतो. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओकडून ध्वनिमुद्रणासाठी काहीच मिळत नाही, तर इंटरनेट व उपग्रह रेडिओची रक्कम साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करून ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीच्या कलाकारांच्या निधीला देते. पाचवी वाट सिंकची, म्हणजे चित्रपट, मालिका, जाहिरात किंवा खेळात गाणे वापरू देण्याची. तिचा दर प्रत्येक वेळी बोलणी करून ठरतो आणि रचना व मास्टर अशा दोन्ही मालकांची परवानगी लागते.

पडताळणी : आपल्या प्रत्येक गाण्यापुढे आपली भूमिका लिहून काढावी : गीतकार, संगीतकार, गायक, वादक की मास्टरचा मालक. जितक्या भूमिका, तितक्या ठिकाणी नोंद करावी लागेल. स्वतःच लिहून, चाल लावून, गाऊन आणि स्वखर्चाने मुद्रित करणाऱ्याला पाचही वाटा खुल्या असतात. तरीही अशी मंडळी बहुधा वितरकाकडून येणाऱ्या एकाच रकमेला सारी रॉयल्टी समजून बसतात.

२. चाल बांधली त्याच दिवशी स्प्लिट शीट भरा

स्प्लिट शीट म्हणजे रचनेतील वाटे कोणाचे किती, हे लिहून सर्वांनी सही केलेला एक पानाचा कागद. त्यावर गाण्याचे नाव व पर्यायी नावे, प्रत्येकाचे कायदेशीर नाव व कलानाम, भूमिका, टक्केवारी, सोसायटीचे नाव, आयपीआय क्रमांक, तारीख आणि सही एवढे असले की पुरे. सभासदांना ओळखण्यासाठी सोसायट्या देतात तो आयपीआय क्रमांक. तो अजून मिळाला नसेल तर जागा मोकळी ठेवावी, मात्र सही राहू देऊ नये.

टक्केवारी किती असावी हे कोणताही नमुना सांगू शकत नाही, ती आपसात ठरवावी लागते. खरा वाद संगीत संयोजकाच्या आणि ध्रुवपदात एखादी ओळ सुचवणाऱ्याच्या वाट्यावरून होतो. संयोजकाला ठरावीक मानधन देऊन काम घेतले असेल तर रचनेत त्याचा वाटा आहे की नाही, हे त्याच कागदावर शब्दांत लिहावे. ‘नाही’ असेल तर ‘नाही’ असे लिहावे. संगीतकारांना असे लिहून घेणे अवघड वाटते, मैत्रीवर अविश्वास दाखवल्यासारखे होते. माझे मत याच्या उलट आहे. स्टुडिओत मन प्रसन्न असताना पाच मिनिटांत जे ठरते, ते गाणे चालल्यावर पाच महिन्यांतही ठरत नाही.

रचनेचे वाटे आणि मास्टरचे वाटे दोन वेगळ्या तक्त्यांत लिहावेत. साथीच्या गिटारवादकाचा रचनेत वाटा शून्य असू शकतो, पण वादक म्हणून संलग्न हक्कांत त्याचे नाव लागते, आणि त्यासाठी कोणी काय वाजवले याची यादी मुद्रणाच्या दिवशीच करून ठेवावी लागते.

सावधान : प्रत्येक तक्त्याची बेरीज नेमकी १०० यायला हवी. एका गाण्यात तिघांनी आपापल्या आठवणीप्रमाणे ४०, ४० आणि ३० टक्के असे स्वतंत्रपणे नोंदवलेले मी पाहिले आहे. बेरीज ११० झाली, सोसायटीने नोंद वादग्रस्त ठरवली आणि तिघांचेही पैसे थांबले. आपापसात तंटा नसतानाही असे घडते.

३. सही करण्यापूर्वी करारातील चार जागा वाचा

पहिली जागा हस्तांतर की परवाना ही. हस्तांतरात मालकी जाते, परवान्यात ती आपल्याकडे राहून फक्त वापराची मुभा दिली जाते. दुसरी मुदत आणि प्रदेश. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे दोन शब्द एकत्र आले की थांबून विचार करावा. तिसरी टक्केवारी कशावर आहे ती : ढोबळ जमेवर की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर, आणि तो खर्च कोण ठरवणार. चौथी जागा आगाऊ रकमेच्या वसुलीची. तिच्याबद्दलचा गैरसमज सर्वांत महाग पडतो, म्हणून हिशेब मांडूनच पाहू.

समजा, कलाकाराला १,००० एकक आगाऊ मिळाले आणि त्याचा वाटा २० टक्के आहे. गाण्याने कंपनीला ३,००० एकक मिळवून दिले. कलाकाराच्या खाती २० टक्क्यांनी ६०० जमा होतात, ते आगाऊ रकमेत वळते होतात आणि कंपनीचे त्याच्याकडून ४०० ‘येणे’ राहतात. कंपनीने दिले १,००० आणि तिच्या हाती आले ३,०००. तरीही कलाकाराच्या पत्रकावर उणे आकडा आहे. वसुली एकूण जमेतून न होता कलाकाराच्या वाट्यातून होते, त्यामुळे पहिला नवा पैसा हाती येण्यासाठी गाण्याने ५,००० कमवावे लागतात. मुद्रणाचा आणि जाहिरातीचा खर्चही वसूल करण्याजोगा लिहिला असेल, तर हा आकडा आणखी पुढे सरकतो. एका अल्बमची तूट दुसऱ्याच्या कमाईतून भरून काढण्याचे कलम असल्यास ते काढून टाकण्याचा आग्रह धरावा.

देशाचा कायदाही पाहावा, कारण काही हक्क करार करूनही सोडता येत नाहीत. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात घेतलेल्या शब्द-चालीच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील समान वाटा गीतकार-संगीतकाराला कंपनीच्या नावे करून देता येत नाही; तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारा वापर मात्र त्यात येत नाही.

४. योग्य संस्थांचे सभासद व्हा

रचनाकारांच्या आणि सादर करणाऱ्या कलाकारांच्या संस्था बहुतेक ठिकाणी वेगळ्या असतात. ब्रिटनमध्ये रचनेसाठी पीआरएस आणि ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल. भारतात गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आणि गायक-वादकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इस्रा). फ्रान्समध्ये रचनेसाठी सासेम, जर्मनीत गेमा. जो स्वतः लिहितो आणि गातो त्याने दोन्ही प्रकारच्या संस्थांत नाव नोंदवावे. एकीत नोंद केली म्हणजे दुसरीत आपोआप होते, हा समज चुकीचा आहे.

या संस्थांचे परदेशी संस्थांशी परस्पर करार असतात, त्यामुळे प्रत्येक देशात सभासद होण्याची गरज नसते. उलट एकाच हक्कासाठी आणि एकाच प्रदेशासाठी दोन संस्थांकडे सही केल्यास दोन्हीकडची वसुली अडते. अर्ज करताना कोणते हक्क आणि कोणते देश आपण सुपूर्द करत आहोत, ते विचारून घ्यावे. प्रकाशक नसेल तर प्रकाशकाच्या हिश्शाचे काय होते, हेही त्याच वेळी विचारावे; काही संस्थांत तो रचनाकाराला मिळतो, काहींत त्यासाठी स्वतंत्र नोंद करावी लागते.

पडताळणी : आयपीआय क्रमांक हाती आला का? आला असेल तर तो सर्व जुन्या स्प्लिट शीटवर भरावा आणि सहकाऱ्यांना कळवावा.

५. क्रमांक आणि नावे एकदाच, नेमकी ठरवा

ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी आणि रचनेला आयएसडब्ल्यूसी असे दोन क्रमांक असतात. आयएसआरसी १२ अक्षरांचा असतो : पहिली पाच अक्षरे क्रमांक देणाऱ्याची ओळख सांगतात, पुढचे दोन अंक क्रमांक दिल्याचे वर्ष आणि शेवटचे पाच अंक त्या मुद्रणाचे. आयएसडब्ल्यूसी टी या अक्षराने सुरू होतो, पुढे नऊ अंक आणि एक तपासणीचा अंक असतो. तो रचनेची नोंद झाल्यावर सोसायटीमार्फत मिळतो.

एका मुद्रणाला एकच आयएसआरसी, हा नियम कायम ध्यानात ठेवावा. तेच मुद्रण आधी एकेरी गाणे म्हणून आणि नंतर अल्बममध्ये आले तरी क्रमांक तोच राहतो. रीमिक्स, मैफलीतील मुद्रण, केवळ वाद्यांवरची आवृत्ती यांना मात्र नवा क्रमांक हवा. सर्वाधिक नुकसान वितरक बदलताना होते : नवा वितरक नवा क्रमांक देऊ करतो, घाईत ‘हो’ म्हटले जाते, आणि जुन्या क्रमांकाशी जोडलेली ऐकण्याची संख्या व नोंदी मागे राहतात. जुने क्रमांक आधी उतरवून घ्यावेत आणि नव्या अर्जात तेच टाकावेत.

नावांचेही तसेच आहे. आद्याक्षरांसह एकदा, पूर्ण नावाने एकदा आणि टोपणनावाने एकदा असे तीन ठिकाणी तीन तऱ्हेने नाव लिहिले, तर संगणकाच्या लेखी ती तीन माणसे होतात. त्यातून रोमन लिपीतील स्पेलिंग वेगळे पडले की भर पडते. ‘नाव : नेमके स्पेलिंग : आयपीआय’ अशी एक ओळ लिहून ठेवावी आणि प्रत्येक अर्जात ती नकलून टाकावी, स्मरणावर विसंबून टंकित करू नये.

६. आधी नोंद, मग प्रकाशन

आता सोसायटीकडे रचनेची नोंद करावी : नाव, पर्यायी नावे, सर्व रचनाकार, स्प्लिट शीटप्रमाणे टक्केवारी, मुद्रणाचा आयएसआरसी. सहरचनाकारांपैकी एकाने नोंद करून बाकीच्यांनी ती तपासणे हा उत्तम मार्ग होय. त्यानंतर कलाकारांच्या संस्थेकडे मुद्रणाची आणि वादकांच्या यादीची नोंद होते. हे झाल्यावरच वितरकाकडे गाणे चढवावे.

गाणे दुसऱ्याच्या रचनेवर आधारलेले असेल तर रचनेचे मेकॅनिकल हक्क आधी मिळवावे लागतात, आणि अशा गाण्यात आपली रॉयल्टी फक्त मुद्रणाच्या बाजूची असते. दुसऱ्याच्या मुद्रणातील तुकडा वापरला असेल तर रचनेची व मास्टरची अशा दोन परवानग्या लागतात. ‘काही सेकंद चालतात’ असा सर्वमान्य नियम कोठेही नाही.

सावधान : यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे इतरांच्या व्हिडिओंतील आपले मुद्रण ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेत, मुद्रण घालण्याचा पर्याय वितरकाच्या अर्जात दिसतो. गाण्यात इतरांनाही विकले जाणारे तयार लूप (पुनःपुन्हा वाजणारा तुकडा) किंवा बिगर-एकाधिकार बीट (अनेकांना वापरू दिले जाणारे तयार साथसंगीत) असेल तर तो निवडू नये. तेच लूप वापरणाऱ्या परक्या गाण्यांवर आपला दावा लागतो, ते तक्रार करतात आणि शेवटी आपल्याच खात्यावर बंधने येतात.

७. प्रकाशनानंतर माहिती पोहोचवत राहा

काही वापर आपोआप मोजले जातात, काही मोजले जात नाहीत. मैफलीत कोणती गाणी सादर झाली ते सोसायटीला सहसा कोणीतरी कळवावे लागते. म्हणून प्रत्येक कार्यक्रमानंतर गाण्यांची यादी, स्थळ आणि तारीख मुदतीत पाठवावी. स्वतःची गाणी स्वतः गायली तरी रचनाकार म्हणून रॉयल्टी लागू होऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. चित्रपट व मालिकांच्या बाबतीत निर्मात्याने भरलेल्या क्यू शीटवर सारे अवलंबून असते. त्यात गाण्याचे नाव, रचनाकार आणि वाजल्याचा कालावधी असतो. तिची प्रत मागून घेण्याची अट सिंक करारातच घालावी, नंतर ती मिळवणे दुरापास्त होते.

८. हिशेबपत्रक वाचा

पैसे येण्यास वेळ लागतो. वितरकाची रक्कम साधारण दोन-तीन महिन्यांनी येते, सोसायट्यांची अनेक महिन्यांनी, आणि परदेशातील सादरीकरणाची त्याहून उशिरा. त्यामुळे या महिन्यात जमा झालेली रक्कम कोणत्या काळातील वापराची आहे, ते आधी पाहावे.

स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक ऐकण्याला ठरलेला भाव नसतो. सामान्यतः सेवेच्या त्या काळातील व त्या बाजारपेठेतील जमेचा ठरावीक भाग एका पेटीत जातो आणि एकूण ऐकण्यात आपल्या गाण्याचा जितका हिस्सा, तितका त्यातून मिळतो. म्हणूनच ऐकणाऱ्यांची संख्या वाढूनही रक्कम घटलेली दिसू शकते. याखेरीज स्पॉटिफायवर २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या गेलेल्या मुद्रणांनाच मुद्रणाची रॉयल्टी मिळते.

पत्रक तपासताना एक गाणे निवडावे आणि त्याची ओळ शेवटपर्यंत वाचावी : क्रमांक बरोबर आहे का, टक्केवारी स्प्लिट शीटशी जुळते का, ज्या देशांत वितरकाच्या पत्रकात ऐकणे दिसते त्या देशांच्या नावांपुढे सोसायटीच्या पत्रकात काही आहे का. वितरकाकडे हजारो नोंदी आणि सोसायटीकडे दीर्घकाळ शून्य असेल, तर रचनेची नोंद मुद्रणाशी जोडली गेलेली नाही असे समजून आयएसआरसीसह लेखी दुरुस्ती मागावी. दिरंगाई परवडत नाही, कारण न जुळलेली रक्कम कायम राखून ठेवली जात नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार, ज्या आर्थिक वर्षात रक्कम जमा झाली ते संपल्यानंतर तीन वर्षांत हक्कदार न सापडल्यास ती त्याच्या नावे वाटण्याजोगी नाही असे ठरवता येते.

कराची कागदपत्रे येथेच तपासावीत. अमेरिकेबाहेरील व्यक्तीने तेथील सेवेकडे डब्ल्यू-८बेन हा, आपण अमेरिकेबाहेरचे असल्याचे करासाठी कळवणारा, अर्ज भरला नाही, तर अमेरिकेत उद्भवलेल्या रॉयल्टीवर साधारणपणे ३० टक्के कर कापला जातो. देशादेशांतील करारामुळे हा दर कमी होऊ शकतो, पण त्यासाठी अर्जात तसा दावा करावा लागतो.

९. या उत्पन्नावर पुढचे काम आखा

मैफलीचे मानधन त्या रात्रीपुरते असते. रॉयल्टी थोडी असली तरी आजारपणात, आवाज बसलेला असताना किंवा नवे काम चालू असतानाही येत राहते. तिचा उपयोग मात्र पत्रके जपून ठेवणाऱ्यालाच होतो. तीन वर्षांची पत्रके समोर असली की कोणती गाणी दरवर्षी तग धरतात, कोणत्या शहरांत आणि देशांत ऐकणारे आहेत, हे दिसते आणि दौऱ्याची जागा अंदाजाने निवडावी लागत नाही. कंपनीशी बोलणी करतानाही याच आकड्यांचा आधार मिळतो : गाणे वर्षाला किती देते हे ठाऊक असलेला कलाकार आगाऊ रक्कम स्वीकारण्याऐवजी मुदतीचा परवाना मागू शकतो. पहिली दोन वर्षे ही रक्कम घरखर्चात धरू नये. ती एकसारखी येत नाही.

कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे रचनेचे संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे चालते, आणि अनेक देशांत ७० वर्षे. म्हणजे यातील बराच काळ हिशेब दुसऱ्या कोणाला तरी सांभाळायचा आहे. स्प्लिट शीट, करार, सभासद क्रमांक, आयएसआरसींची यादी आणि वितरकाच्या खात्याचा तपशील एका फाइलीत ठेवावा, सोसायटीच्या अर्जातील वारसाचा रकाना भरावा आणि ती फाइल कोठे आहे हे घरातील एका माणसाला सांगून ठेवावे.